निळ्या पुठ्ठ्याआधीचं पान

परवा दुपारी आक्काच्या घरी पुढच्या सोप्यात बसले होते आणि करंट गेला. पंखा दोन गरके घेऊन थांबला. वडगावच्या आमच्या गल्लीत आता लुगडी विणायचे माग फारसे उरले नाहीत, तीन-चार घरांतून काय खटखट येते तेवढीच. ती पण एकदम बंद पडली. कुणाच्या तरी परसातला कावळा तेवढा ऐकू येऊ लागला. आक्का माझी थोरली बहीण. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून काळा चष्मा लावून ती खाटेवर पडून असते. पडल्या पडल्याच म्हणाली, "इंदे, काय तर वाच की गं."

माझ्या पिशवीत दोन पुस्तकं होती. एक वाचावं असं आणि एक वाचू नये असं. मी पिशवीकडं बघत बसले.

उन्हाळ्यात करंट जाणं आणि कादंबरी वाचणं या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना चिकटल्यात, त्याला चाळीसेक वर्षं झाली. मी तेव्हा बी.ए.ला होते. त्या उन्हाळ्यात करंट रोज बाराला जायचा तो चारला यायचा. आमच्या घरात चार माग. ते चालू असले की घरात बोलणं म्हणजे ओठ आणि हात हलवणं. मागाच्या घरात वाढलेली माणसं कानापेक्षा डोळ्यांनी जास्त ऐकतात. आक्का तर आजही कुणी बोलायला लागलं की आधी त्याच्या हातांकडं बघते. बाराला करंट गेला की सगळी गल्लीच एकदम गप्प व्हायची, आणि इतका वेळ ओरडून बोलणारी माणसं आपल्याच आवाजाला दचकायची. गडीमाणसं सोप्यात आडवी व्हायची. बायकांना मात्र सुट्टी नव्हती. कांड्या भरायचं चाक हातानं फिरतं, त्याला करंट लागत नाही. मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या, चार वाजेपर्यंत शिगोशीग टोपली भरून तयार पाहिजेत.

आणि त्या टोपलीपायी मी वाचनाला लागले. पुढं येळ्ळूरला मास्तरीण झाल्यावर पोरी विचारायच्या, बाई, तुम्हाला वाचनाची गोडी कशी लागली? मी काहीतरी गोड-गोड सांगायची. खरं उत्तर असं की मला कांड्या भरायचा मनस्वी कंटाळा होता. आमच्या सोप्यात एक रीत पडून गेली होती: जी वाचेल तिच्या वाटणीच्या कांड्या बाकीच्यांनी भरायच्या. शेजारची नीलव्वामावशी चार द्यायची, आई चार, आक्का न बोलता आठ. मी भिंतीला टेकून पाय पसरायची आणि मोठ्यानं वाचायची. राणीसारखी. खडेबाजाराच्या मागच्या बाजूला एक लायब्ररी होती, तिथून कॉलेजातनं येताना पुस्तक आणायचं. लायब्ररीवाले मूळ कव्हर फाडून सगळ्या पुस्तकांना निळा पुठ्ठा घालायचे आणि त्यावर पांढऱ्या रंगानं नंबर. त्यामुळं आमच्या गल्लीला कादंबरीचं नाव कधी ठाऊकच नसायचं. "ती विहिरीतली", "ती डॉक्टराची", "ती लई रडकी", अशी नावं.

नीलव्वामावशी घरात कन्नड बोलणारी. मराठी कळायची सगळी, बोलायची अर्धी. पण परीक्षक म्हणून तिच्यासारखी मी पुढं कुठल्या साहित्य संमेलनातही बघितली नाही. दोन दुपारी ती गप्प ऐकायची. तिसऱ्या दुपारी पुस्तक पकड घेईना झालं की चाक न थांबवता म्हणायची, "साकू." पुरे झालं. की ते पुस्तक त्या संध्याकाळी परत. मग ते कुणाचंही असो, त्याला कुणी शाल घातलेली असो. एका जाड ऐतिहासिक कादंबरीतला सरदार ऐंशी पानं झाली तरी घोड्यावरून उतरेना. मावशी म्हणाली, "आवा इळीतिल्ला, आपण तर उठूया." तो उतरत नाही, आपण तरी उठू. मला हसू आवरेना.

मला आता त्या 'साकू'चा हेवा वाटतो. मी आयुष्यभर पुस्तकं शेवटपर्यंत वाचली. मास्तरकी केलेल्या माणसाला अर्धं सोडायची लाज वाटते. निवृत्त झाल्यावर मनाशी म्हटलं होतं की आता वाचू निवांत. आणि निवांतपणा मिळाल्यावर कळलं की मी दमलेय. कादंबऱ्यांनीच दमलेय म्हणा ना. यंदा मार्चपासून सात आणल्या, चार सोडल्या. पुण्याहून पार्सल येतं, शिवाय कोल्हापूरला कुणी गेलं-आलं की त्याच्या गळ्यात यादी बांधते. आमच्या बाजूला मराठी पुस्तक मिळवणं हे अजूनही सोयरिकीसारखंच आहे, चार जणांना सांगून ठेवावं लागतं. एवढी यातायात करून आणायचं आणि चाळिसाव्या पानावर झोप. जीव कावतो.

त्यातली एक सहाशे पानांची, खेड्यावरची. खेड्यातला एकूण एक शब्द लेखकानं गोळा केलाय. वखरापासून उखळापर्यंत. पण त्यातलं एक माणूस दुसऱ्याला साधं "जेवलास का" विचारत नाही. शब्दांचं वाण्याचं दुकान, आणि गल्ल्यावर बसायला कोण नाही. दुसरी एक शहरातली, बक्षीस मिळालेली. त्यातली बाई खिडकीत उभी राहते. पान वीस, खिडकी. पान पंचेचाळीस, खिडकी. बाई गं, तुला घरात काही काम नाही का? मी ती आक्काला थोडीशी वाचून दाखवली. आक्का म्हणाली, "पाय दुखत न्हाईत व्हय हिचं?" तिसरीत तर प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कुणाला तरी काहीतरी उमजतं. माझी सगळी हयात गेली, मला असं प्रकरणवार कधी उमजलं नाही.

आवडली ती एकच. बारीक आहे, दीडशे पानंही नाहीत. दोन सवती, नवरा मेल्यावर दोघी मिळून पिठाची गिरणी चालवतात. एकमेकींशी धड बोलत नाहीत. एक दळते, दुसरी वजन करते. शेवटाला गिरणीचा पट्टा तुटतो, आणि दोघी मिळून तो बसवतात, तेव्हाही बोलत नाहीत. संपलं. लेखिका नवीन, कधी नाव ऐकलं नव्हतं. ती मी आक्कासाठीच पिशवीत घालून आणली होती. म्हणजे वाचावं असं पुस्तक ते.

वाचू नये असं दुसरं, त्याचं नाव मी सांगणार नाही. लेखिका कधीच्या गेल्या, आणि त्यांच्याशी माझं भांडण आता मिटत आलंय. पण त्या करंटच्या उन्हाळ्यात हीच कादंबरी निळ्या पुठ्ठ्यात आमच्या सोप्यात आली होती, आणि आक्काचं आयुष्य तिच्या शेवटानं वळलं असं मी चाळीस वर्षं समजत आलेय. तो शेवट त्या लेखिकेनं लिहिलेला नव्हता. माझा होता.

आक्का त्या वर्षी शिमग्याच्या आधीच निपाणीहून माहेरी आली होती. दाजींची तिथं तंबाखूची वखार, घर भरलेलं, नोकरचाकर. आणि दाजींचा हात चालायचा. मारलं की दुसऱ्या दिवशी पेढे आणायचे. सहा वर्षं तिनं पेढे खाल्ले. आली तेव्हा तिच्या लुगड्यांना तंबाखूचा खकाणा होता, ट्रंक उघडली की घरभर शिंका. त्या शिंकांवरही ती काही बोलली नाही. तिसरीतनं तिला शाळेतून काढून कांड्यांना बसवलं होतं. लिहिणं-वाचणं म्हणजे सही आणि बसची पाटी. बोलणं त्याहून कमी. आमच्या वडिलांना, आप्पांना, तिच्या सासऱ्यांनी निरोप धाडला: अक्षय तृतीयेच्या आत लावून द्या, नाहीतर आम्ही आमचं बघतो. आप्पा वाईट नव्हते. दमलेले होते. "पोरी, नांदत्या घराला कोण कोण काय काय सोसतंय," म्हणायचे आणि धोट्याकडं बघायचे. आई म्हणायची, "तुझ्या मागं हिचं हाय बग अजून." हिचं म्हणजे माझं लग्न. नीलव्वामावशीसुद्धा म्हणाली की बाईनं उंबरा सोडू नये. मी काय म्हणाले? मी काहीच म्हणाले नाही. मी त्या घरातली एकुलती एक शिकलेली. बायकांच्या हक्कांवर परीक्षेत पाच पानं लिहून आलेली. आणि घरात माझं तोंड उघडायचं ते फक्त पुस्तकासाठी.

त्यात ही कादंबरी आली, आणि पहिल्याच दुपारी कळलं की ही आमच्याच घरातली आहे. नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई. बापाच्या घरात तिच्या ताटाकडं बघणारे डोळे. ती येते, पाणी भरते, कोपऱ्यात बसते. मी वाचताना मान वर करायची नाही. इतर वेळी बायका मधेमधे बोलायच्या, "मेली की काय ती?" "थांब की, सांगंल ती." या पुस्तकाला कुणी बोललं नाही. मावशीनं साकू म्हटलं नाही. आई तेवढी एकदा उठून मोरीत गेली आणि बराच वेळ आली नाही. पाच दुपारी झाल्या. आक्का माझ्या समोर बसून चाक फिरवायची, माझ्या वाटणीच्या आठ कांड्या गुपचूप टोपलीत टाकायची.

सहाव्या दुपारी शेवट. पुस्तकातल्या बाईचा नवरा तिला न्यायला आलाय. बाप आत जाऊन बसलाय. ती उठते. दोनशे बाराव्या पानाच्या तळाला वाक्य असं होतं: तो दारात उभा होता, तिनं उंबऱ्यापर्यंत पावलं टाकली आणि.

एवढंच. मी पान उलटायला बोट घातलं तर बोटाला पुठ्ठा लागला. पुढची पानं कुणीतरी फाडून नेली होती. लायब्ररीच्या पुस्तकांचं हे नेहमीचंच. शेवट आवडला की नेतात, नाही आवडला तरी नेतात. आधी बघून ठेवायला हवं होतं, नाही बघितलं. सोप्यात शेजारच्या धरून पाच बायका. चाकं थांबलेली. पानं नाहीत असं म्हणायला मी तोंड उघडलं, समोर आक्काकडं लक्ष गेलं. तिच्या हातातलं सूत ताणलेलं होतं, तुटायच्या बेतानं. मी पुस्तक जरा वर, तोंडासमोर धरलं. आणि पुढं वाचायला लागले.

"आणि आतल्या बाजूनं कडी घातली."

ते वाक्य कुठून आलं ते मला आजही माहीत नाही. एकदा कडी घातल्यावर मग थांबता येईना. पंधरा-वीस मिनिटं मी वाचत होते, पुठ्ठ्यावरून. नवरा दार वाजवतो, जातो. बाप बोलत नाही, मग एके दिवशी भाकरीचा तुकडा मोडून तिच्या ताटात टाकतो. ती काम शिकते. कुठलं काम? मला दुसरं कुठलं काम ठाऊक होतं? मी तिला मागावर बसवलं. इथं नीलव्वामावशी मधेच बोलली, "बाई मागावर बसती व्हय गं?" आमच्यात बायका कांड्या भरायच्या, मागावर गडीमाणूस. मी म्हटलं, "ह्या पुस्तकात बसती." आणि त्या बाईकडून पहिलं लुगडं विणून घेतलं, हिरवं, लाल काठाचं, आणि तिथं पुस्तक मिटलं. चारला करंट आला आणि माग सुरू झाले.

अक्षय तृतीयेच्या चार दिवस आधी दाजी जीपमधून आले. आक्का स्वयंपाकघरात होती. ती उठली, मधलं दार लोटलं आणि आतनं कडी घातली. मी परसात कपडे वाळत घालत होते, मला ती कडी ऐकू आली. दुपारची वेळ, करंट नव्हता, सगळ्या गल्लीला ऐकू आली असणार. दाजी अर्धा तास बसले, चहा न घेता गेले. वर्षाच्या आत त्यांनी दुसरी केली. पावसाळा लागायच्या आत आक्का आप्पांच्या चौथ्या मागावर बसली होती.

झालं ते असं. लोक नाही नाही ते बोलले. माझी दोन स्थळं परत गेली, तिसरं टिकलं. आक्कानं अडतीस वर्षं माग चालवला. आप्पांना शेवटची दोन वर्षं तिनंच भरवलं. तिच्या हातची लुगडी शहापूरच्या पेठेत नावानं मागायचे. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी हात टेकले, तेव्हा माग मोडीत काढला. तिला मी कधी सांगितलं नाही. सांगायचं काय? की तू ज्या बाईच्या जोरावर उभी राहिलीस ती बाई नव्हतीच? सुरुवातीला वाटायचं, सांगू पुढच्या वर्षी. मग वाटायला लागलं, तिचं बरं चाललंय, कशाला उकरा. बरी सबब होती. आणि माणूस दमलं की सबब उशाला घेऊन झोपतं.

गेल्या महिन्यात निपाणीला एका विद्यार्थिनीच्या लग्नाला गेले होते. परत येताना स्टँडजवळ जुन्या पुस्तकांचा गाडा, त्यावर भिजवलेल्या कणकेसारखी फुगलेली दहावी-बारावीची गाईडं, आणि त्यांच्या खाली ही. मूळ कव्हर, तेव्हा कधी न बघितलेलं. दोनशे बारावं पान उघडलं आणि वाक्य ओळखलं. हायवेला बस लागली, संकेश्वर गेलं, हत्तरगी गेलं, मी उभ्यानं ती शेवटची सहा पानं वाचली.

"...आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला."

मग ती जाते. तो रिक्षात तिच्या हातावर हात ठेवतो. घरी सासू भाकरतुकडा ओवाळून टाकते. ती देवापुढं दिवा लावते आणि तिला उमजतं की अभिमान म्हणजे काय नि प्रेम म्हणजे काय. संपलं. दोनशे बारा पानं त्या बाईनं जे जे बघितलं, सोसलं, ते सगळं सहा पानांत धुऊन टाकलेलं. मला इतका राग आला की कंडक्टरनं दोनदा विचारलं, "मेडम, यल्ली?" तरी मी कुठं उतरायचं ते सांगितलं नाही. लिहिणाऱ्या बाईंनाही कुणीतरी दारात उभं राहून निरोप दिला असेल, अमुक तिथीच्या आत लावून द्या म्हणून. त्याही दमल्या असतील. मला त्यांचं कळतं. पण वाचून निराश व्हावं अशा सगळ्या कादंबऱ्यांत ही माझ्यासाठी पहिली.

राग उतरला आणि भीती बसली. आप्पांचा चौथा माग पुन्हा डोळ्यापुढं आला. समजा त्या दुपारी पानं असती. मी हेच वाचलं असतं, इमानानं, शब्दन् शब्द.

एवढ्यावरही मी ते पुस्तक कपाटात टाकून विसरले असते. पण ऑपरेशन झाल्यावर चार दिवसांनी आक्का असंच पडून होती, डोळ्यावर पट्टी, आणि अचानक म्हणाली, "त्या पुस्तकातल्या बाईगत आतनं कडी घातलो खरं. भाईर काय काय येऊन गेलं ते बघायचंच ऱ्हायलं बग. दमलो गं इंदे." तोपर्यंत मला वाटत होतं की माझ्या खोट्यानं तिचं भलं केलं. आता वाटलं, आणि नसेल केलं तर? एका वीस वर्षांच्या पोरीनं, पानं नव्हती म्हणून, दुसरीला चाळीस वर्षं एका खोलीत कोंडलं असेल तर? तेव्हापासून ते पुस्तक माझ्या पिशवीत आहे. रोज नेते, रोज परत आणते.

परवा करंट गेला आणि ती म्हणाली, काय तर वाच. मी सवतींची गिरणी काढली. चार ओळी वाचल्या. ते पुस्तक ठेवलं आणि दुसरं काढलं.

"आक्का, ही ती कडीची," मी म्हटलं. "निपाणीत मिळाली."

ती उठून बसली. काळा चष्मा काढून ठेवला. "मागलं समदं ठाऊक हाय मला," म्हणाली. "शेवटच वाच."

मी वाचलं. उंबऱ्यापर्यंतची पावलं, आणि, आणि मग खरं ते. पाय. रिक्षा. ओवाळणं. दिवा. सहा पानं वाचायला दहा मिनिटं लागली असतील, मला ती पूर्ण दुपार वाटली. मान वर केली नाही. चाळीस वर्षांपूर्वीही नव्हती केली.

"साकू," आक्का म्हणाली. नीलव्वामावशी जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण अगदी तिच्यासारखं. मग म्हणाली, "हे खरं व्हय?"

"व्हय. तवा पानं फाटलेली हुती. ती कडी, तो माग, ते लुगडं, समदं मी माझ्या मनानं..." मी येळ्ळूरच्या वर्गात 'जाते, येते' करायची, पण वडगावात पाय ठेवला की इथल्या सगळ्या बायकांसारखी 'जातो, येतो' म्हणते. परवा मला कुठलंच क्रियापद सापडेना. "मी तुला फसवलो गं आक्का."

"ते ठाऊक हाय मला."

"कवापासनं?"

"तवापासनं. पान उलटलं न्हाईस की तू." ती माझ्या हातांकडं बघत होती. "कडी घातली, नवरा गेला, बाई माग शिकली, लुगडं इणून हुबी ऱ्हायली, आन् पान आपलं तेच. मी समोर बसलोतो. आंधळी हुतो व्हय तवा?"

"मग इचारलं का न्हाईस?"

"काय इचारू? खुळे, पुस्तकातली बाई काय बी करंल. तिचं ऐकून कोण नवऱ्याचं घर सोडतंय व्हय? आई जा म्हणत हुती. आप्पा जा म्हणत हुते. मावशी बी जाच म्हणत हुती. तू तेवढी गप. मला वाटायचं, हिला बी मी नको झालोय, हिचं लगीन अडलंय माज्यापायी. आन् मग त्या दिवशी पान उलटंना झालीस, आन् तोंडानं बोलत सुटलीस. मला वाटलं, माझी भैन मला ऱ्हा म्हणालीय. तेवढ्यावर उठून कडी घातलो."

मी रडले. उगीच लपवत नाही, चांगली रडले, साठ वर्षांची बाई. रडता रडता विचारलं, "मग पट्टी हुती तवा दमलो म्हणालीस ते?"

"दमलो म्हंजे चुकलो व्हय गं?" आक्का म्हणाली. "तू मास्तरीण हुतीस की. दमत न्हाईस तू?"

कावळा परसातून उडून गेला. लांब कुठंतरी कन्नड शाळेची घंटा झाली. मी पुस्तक हातात धरून बसले होते, एक बोट दोनशे बाराव्या पानात. खरं सांगायचं तर त्या उन्हाळ्यात मी तिला राहा म्हणाले होते का, हे मला माहीत नाही. पानं नव्हती, बायका बसल्या होत्या, आणि माझ्या तोंडून कडी निघाली. सरळ समोर बसून, तिच्याकडं बघून, मी तो शब्द उच्चारलेला नव्हता. कुणीच नव्हता.

"ठेव ते खाली," आक्का म्हणाली. "आन् एकदा तोंडानं म्हण की. पुस्तकातनं नगं."

मी पुस्तक खाली ठेवलं.

"ऱ्हा, आक्का."

"ऱ्हायलोय की गं," ती म्हणाली, आणि चष्मा लावून परत आडवी झाली.